मुक्त आज्ञावली आणि विकेंद्रित संवादजाल

संगणक व मोबाइल ही यंत्रे आता घरोघरी पोहोचली आहेत. यंत्र आपण विकत घेतो व ते आपले होते. परंतु त्या यंत्रास चालविणारी जी आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, तिच्यावर सत्ता कोणाची, हा प्रश्न आपल्या मनात क्वचितच येतो. या प्रश्नाचा थोडा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कोणतीही आज्ञावली प्रथम माणसास वाचता येईल अशा सांकेतिक भाषेत लिहिली जाते. या लिखाणास मूळ संहिता म्हणतात. पुष्कळ कंपन्या ही संहिता गुप्त ठेवतात आणि केवळ यंत्रास कळेल असे तिचे रूपांतर ग्राहकास देतात. १९८३ साली अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी या प्रथेविरुद्ध ‘ग्नू’ हा प्रकल्प घोषित केला. त्यांच्या मते वापरणाऱ्यास चार स्वातंत्र्ये हवीत : आज्ञावली कोणत्याही कामासाठी वापरण्याचे, तिचा अभ्यास करून तीत बदल करण्याचे, तिच्या प्रती इतरांस देण्याचे, आणि आपण सुधारलेली प्रतही वाटण्याचे. १९८९ साली त्यांनी या स्वातंत्र्यांस कायद्याचे कवच देणारा परवाना तयार केला. त्यातील अट मार्मिक आहे. जो ही आज्ञावली सुधारून पुढे देईल, त्याने घेणाऱ्यासही हीच स्वातंत्र्ये दिली पाहिजेत. जे मोकळेपणाने मिळाले, ते कुलपात ठेवता येत नाही. अशी आज्ञावली विकताही येते. म्हणून ‘मुक्त’ याचा अर्थ ‘फुकट’ असा करू नये.

या चळवळीत विद्यार्थ्यांचा वाटा मोठा आहे. लिनक्स या प्रणालीचा आरंभ १९९१ साली लिनस टॉरवल्ड्स या हेल्सिंकी विद्यापीठातील एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने केला. आज प्रत्येक अँड्रॉइड मोबाइलच्या गाभ्याशी लिनक्सच आहे. चित्रपट व गाणी लावण्यासाठी घरोघरी वापरली जाणारी व्हीएलसी ही आज्ञावलीही पॅरिसजवळील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली आरंभिलेल्या प्रकल्पातून निर्माण झाली. केरळातील सरकारी शाळांतून लिनक्सवर आधारलेली प्रणाली शिकविली जाते. आपल्या मराठीसही या औदार्याचा लाभ झाला आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडविलेला ‘मुक्त’ हा देवनागरी अक्षरसंच कोणासही विनामूल्य वापरता येतो. छापील पानाच्या छायाचित्रावरून मजकूर ओळखणारी ‘टेसरॅक्ट’ ही मुक्त आज्ञावली मराठीही वाचते. महाराष्ट्राबाहेरच्या जुन्या मराठी ग्रंथालयांतील जीर्ण अंक जतन करण्यास असे साधन किती उपकारक ठरेल, हे सांगावयास नको.

जी गोष्ट आज्ञावलीची, तीच परस्परसंवादाची. ‘ऑर्कुट’ या स्थळावर भारतातील असंख्य तरुण एकत्र येत असत. ते ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. मराठीसह अनेक भारतीय भाषांना स्थान देणारे ‘कू’ हे २०२० साली निघाले व २०२४ साली बंद पडले. घर एका मालकाचे असले, की तो दार लावील त्या दिवशी सर्वांनाच बाहेर पडावे लागते.

यावर विकेंद्रित संवादजाल हा एक उपाय आहे. त्याचे तत्त्व टपालाच्या उदाहरणाने ध्यानी येईल. बडोद्यास पेटीत टाकलेले पत्र बर्लिनला पोहोचते. दोन्ही देशांची टपालखाती वेगळी. तथापि १८७४ साली स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघाचे नियम दोघांनाही मान्य आहेत. त्याचप्रमाणे ‘अ‍ॅक्टिव्हिटीपब’ नावाचे समान नियम जागतिक वेबसंघाने २०१८ साली प्रमाण म्हणून मान्य केले. जर्मनीतील ऑयगेन रोचको यांनी २०१६ साली आरंभिलेले ‘मॅस्टोडॉन’ हे जाल या नियमांनी चालते. त्याचे सर्व्हर अनेक आहेत व प्रत्येकाचा चालक निराळा. एका सर्व्हरवरील सभासद दुसऱ्यावरील सभासदाशी बोलू शकतो. चालकाचे वर्तन न रुचल्यास आपले अनुयायी सोबत घेऊन अन्यत्र स्थलांतरही करू शकतो.

अर्थात या व्यवस्थेतही दोष आहेत. स्थलांतर करताना जुने लिखाण नव्या ठिकाणी आपोआप येत नाही. ज्याला आपण खासगी निरोप समजतो, तो सर्व्हरच्या चालकास वाचता येणे शक्य असते. म्हणून वडीलधाऱ्यांच्या संमतीने व विचारपूर्वक अशा ठिकाणी जावे.

मुक्त आज्ञावलीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे आपली उदासीनता. २०२४ सालची एक घटना येथे मुद्दाम सांगावीशी वाटते. ‘एक्सझेड’ ही मजकूर दाबून लहान करणारी आज्ञावली जगभरच्या असंख्य लिनक्स संगणकांत आहे. तिची निगा प्रायः एकच थकलेला स्वयंसेवक राखीत होता. मदतनीस म्हणून आलेल्या एका अज्ञात व्यक्तीने सुमारे दोन वर्षे निष्ठेने काम करून विश्वास संपादिला आणि मग तीत गुप्तपणे चोरवाट घातली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास आपल्या संगणकाच्या कामात सुमारे अर्ध्या सेकंदाचा अकारण विलंब जाणवला. त्याने नेटाने माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी ते कारस्थान उघडकीस आणले. मोठे संकट टळले. ज्याला साहाय्य करण्यास कोणी आले नाही, तेथे चोर शिरला. आणि संहिता उघडी होती, म्हणूनच एका दक्ष माणसास तो सापडला. दोन्ही गोष्टी तितक्याच खऱ्या आहेत.

गावच्या विहिरीचे पाणी सर्वांचे असते. पण गाळ काढण्याच्या दिवशी कोणी फिरकले नाही, तर ती विहीर फार काळ टिकत नाही. तुम्हांपैकी प्रत्येकास आज्ञावली लिहिता येईल असे नाही. परंतु आढळलेली चूक नीट लिहून कळविणे, इंग्रजी सूचनांचे शुद्ध मराठी करणे, शेजाऱ्यास ती आज्ञावली शिकविणे, एवढे तर कोणासही शक्य आहे. स्वातंत्र्य दिलेले असते हे खरे. ते राखावे मात्र आपणच लागते.