गोळ्या बंद करू नकोस

चि. बाळास,

अक्कलकोटच्या अण्णांनी तुला दुपारच्या आरतीला निर्गुण मठात पाहिलं, तेव्हापासून इकडे सोलापुरात मामाच्या घशाखाली घास उतरत नाही. तू गाणगापूरला गेलास याचं काही नाही. आपल्या घरातल्या तीन पिढ्या भीमा-अमरजेच्या संगमावर बुड्या मारून आल्या आहेत. पण अण्णा पुढे जे बोलले, त्याने काळजात धस्स झालं. तिथला कोणी एक ‘महाराज’ म्हणतो की तुझी आकडी ही व्याधी नाही, बाधा आहे, आणि गोळ्या चालू असेपर्यंत ती सुटायची नाही. म्हणून तू गोळ्या सोडल्यास म्हणे. खरं आहे का हे?

आकडीची औषधं एकाएकी तोडली तर झटक्यामागून झटका येतो, माणूस मध्ये शुद्धीवर येत नाही आणि त्यात जीवही जातो. हे डॉक्टरांनी तुझ्या आईच्या देखत सांगितलं होतं. त्यात तू पहाटे एकटाच नदीत उतरतोस! अरे, आकडीच्या माणसाला बुडायला गुडघाभर पाणी पुरतं.

दुपारची ती आरती मामाने पाहिली आहे. घंटा-नगारे सुरू झाले की कोणी खांबावर चढतं, कोणी केस सोडून घुमतं, कोणी फरशीवर लोळतं. त्यातल्या किती जणांना आकडी असेल, किती जणी सासरी वर्षानुवर्षं गप्प बसून तिथेच काय ते ओरडत असतील, याचा हिशेब कोणी मांडत नाही. ओरडल्याने मोकळं वाटत असेल तर वाटो. मात्र त्या गर्दीत तुझ्या खांद्यावर हात ठेवून ‘औषध सोड’ म्हणणारा माणूस मठाचाही नाही आणि दत्ताचाही नाही.

तो तुला बीदरच्या बादशहाची गोष्ट सांगत असणार. वैद्यांना हटला नाही तो फोड नृसिंहसरस्वतींच्या कृपेने बरा झाला, ही गुरुचरित्रातली कथा. पण तीच कथा पुढे वाच. राजा भक्त झाला तशी आता लोकांची रीघ लागेल हे स्वामींनी ओळखलं, प्रकट राहणं नको असं ठरवलं आणि वीसहून अधिक वर्षांचा गाणगापूरचा मुक्काम हलवून ते श्रीशैलाकडे निघाले. ज्यांच्या नावावर आज अभिषेकाच्या पावत्या फाटतात, त्यांनाच गर्दी नको होती! आणि बासरचा तो पोटशुळाचा ब्राह्मण आठव. दुखणं सोसेना म्हणून पोटाला दगड बांधून गोदावरीत जीव द्यायला निघाला होता. स्वामींनी शिष्य धाडून त्याला काठावर आणवलं आणि जेवू घातलं.

आणि देवाच्या नि माणसाच्या मध्ये असा ‘महाराज’ हवाच कशाला? त्या बादशहाच्या बीदर जिल्ह्यातच बसवकल्याण आहे. 12व्या शतकात बसवण्णांनी तिथे इष्टलिंग माणसाच्या तळहातावर ठेवलं आणि मधला पुजारी काढून टाकला. अनुभवमंटपात चांभार, नावाडी आणि अक्कमहादेवीसारखी बाई एकत्र बसून बोलत. पुढे बसवण्णांच्या पंथातही मठ आणि गाद्या आल्याच, ते सोड.

श्रद्धेपायी इलाज टाळला की काय होतं तेही ऐक. 6 ऑगस्ट 2001 ला तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ आग लागली. बरं होण्यासाठी आणून साखळदंडांनी बांधून ठेवलेली 28 माणसं होरपळून मेली. याउलट गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात 2008 पासून ‘दवा-दुआ’ चालतं. दुआ मागायची आणि तिथेच डॉक्टरांकडून गोळ्याही घ्यायच्या. कोणाची श्रद्धा त्याने उणी झाली? भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं-बांधणं महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तू आहेस त्या कर्नाटकानेही 2017 मध्ये तसाच कायदा केला. त्या ‘महाराजा’ला हे ऐकव.

फार बोललो का? पादुकांच्या झरोक्यापाशी तुला भरून आलं, रडू फुटलं, असं अण्णा म्हणाले. ते खोटं, असं मामा कधीच म्हणणार नाही. ते तुझं आहे, त्याला कोणाच्या सहीशिक्क्याची गरज नाही. पण गोळ्या लागू पडल्यापासून तुला एकदाही आकडी आलेली नाही, हेही तुझ्या आईने वहीत तारीखवार लिहून ठेवलंय. दोन्ही खरंच ना?

तुझ्या आजीला पोथी जवळजवळ तोंडपाठ होती. बायकांनी गुरुचरित्र वाचायचं नाही, असा घरचा दंडक. सप्ताहाला तुझा मामा चौरंगापुढे बसून वाचायचा आणि ती स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकायची. अडखळला की तिकडून हळूच शब्द यायचा. मामा तेव्हा कॉलेजात मोठा सुधारक म्हणून मिरवत होता, पण उठून तिच्या हातात पोथी द्यावी, हे त्याला सुचलं नाही. सुचलं तेव्हा तिची दृष्टी गेली होती. दत्त तिला भेटला असेल तर त्या दाराआडच.

राहा बाळा, मन भरेपर्यंत राहा. पाच घरी माधुकरी माग, कोणाच्या दारात लाजू नकोस. फक्त आज आधी डॉक्टरांना फोन कर, गोळ्या पुन्हा कशा सुरू करायच्या ते विचार, आणि मग आईला कळव, ती रात्रभर जागी असते. शनिवारी सकाळच्या गाडीने मामा गाणगापूर रोडला उतरतो आहे. गोळ्यांची नवी पाकिटं आणि आईने दिलेली शेंगाचटणी सोबत आणतोय. तोवर संगमावर एकटा जाऊ नकोस, मामा आल्यावर दोघं मिळून जाऊ.

तुझा,
मामा