खनिज तेलाची जागा सूर्य व वारा घेतील काय ?



धाडसारख्या गांवीं मालमोटार, ट्रॅक्टर व कोठें कोठें विहिरीवरील इंजिन हीं सर्व डिझेलवर चालतात. आपल्या देशास लागणाऱ्या खनिज तेलापैकीं ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून विकत घ्यावें लागतें. दूर देशीं युद्ध पेटलें, तर त्याची झळ वऱ्हाडांतील शेतकऱ्याच्या खर्चास लागूं शकते. म्हणून वर घातलेला प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा नव्हे, तो आपल्या घरचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. सौरपट व पवनचक्क्या वाढल्या, कीं तितकें तेल आपोआप वांचलें, असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. आपल्याकडे वीज मुख्यतः कोळशापासून होते, तेलापासून फारच थोडी. तेव्हां सूर्याची वीज आली तर प्रथम कोळसा वांचेल. तेल वांचावयाचें तर तेलाचें इंजिन काढून तेथें विजेची मोटर बसविली पाहिजे.

याचा बोध जुन्या उदाहरणावरून होतो. मुंबईच्या कापड गिरण्या पूर्वीं कोळशाच्या वाफेवर चालत. १९१५ सालीं टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत्केंद्रांतून त्यांस वीज मिळूं लागली. घाटमाथ्यावर पाऊस पडावयाचा चार महिने आणि गिरण्या चालावयाच्या बारा महिने. म्हणून लोणावळ्याच्या परिसरांत तलाव बांधून पाणी सांठविलें. अर्थात् निसर्गाची शक्ति कामास लावण्यास दोन गोष्टी लागतात : यंत्रांत बदल आणि शक्तीची सांठवण. याच दोन कसोट्या आतां तेलास लावून पाहूं.

आगगाडीस सांठवण बरोबर न्यावी लागत नाहीं. वीज तारेंतून येते. कोंकण रेल्वे १९९८ सालीं संपूर्ण मार्गावर सुरू झाली, ती डिझेल इंजिनांवर. २०२२ सालीं तिच्या सुमारें ७४० किलोमीटर मार्गाचें विद्युतीकरण पूर्ण झालें. तारेंतील वीज आज बहुतांशीं कोळशाची असली, तरी उद्यां ती सूर्याची झाल्यास इंजिन पुन्हां बदलावें लागणार नाहीं.

विहिरीवरील पंपाचें कामही सोपें आहे. हरभरा व गहूं यांस पाणी देण्याच्या दिवसांत आपल्याकडे आकाश बहुधा निरभ्र असतें. रात्रीं पंप बंद राहिला तरी दिवसां उपसलेलें पाणी शेततळ्यांत राहतें. पाणी हीच तेथें सांठवण होय. २०२४ सालीं सुरू झालेल्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेंत शेतकऱ्यानें किंमतीचा १० टक्के, व अनुसूचित जातिजमातींच्या शेतकऱ्यानें ५ टक्के हिस्सा भरावयाचा असतो. मात्र पालकांनीं एक गोष्ट ध्यानांत धरावी : ऊन फुकट आहे, भूगर्भांतील पाणी फुकट नाहीं. डिझेलचा खर्च उपशास आळा घालीत असे. तो गेल्यावर आळा आपणच घातला पाहिजे.

खरी अडचण ट्रॅक्टर व लांब पल्ल्याची मालमोटार यांची आहे. एक लिटर डिझेलांत सुमारें १० युनिट शक्ति असते. एक किलो वजनाच्या बॅटरींत पाव युनिट किंवा त्याहूनही कमी. डिझेल इंजिन बरीच शक्ति उष्णतेच्या रूपानें वायां घालवितें आणि मोटर फार थोडी घालविते, हें खरें. तरीही अंतर मोठेंच उरतें. दुचाकी व शहरांतील बस रोज ठराविक अंतर जाऊन परत येतात, म्हणून त्यांस बॅटरी पुरते. दिवसभर नांगरणाऱ्या ट्रॅक्टरास ती पुरविणें कठीण. पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट २०२५ सालीं गांठलें गेलें. परंतु इथेनॉल ऊस, मका व तांदूळ यांपासून होतें, आणि त्या पिकांस जमीन व पाणी लागतें.

सारांश, तेलाची सर्व कामें एकाच वेळीं सुटणार नाहींत. आगगाडी, पंप, दुचाकी व शहरांतील बस यांत बदल सुरू झाला आहे. ट्रॅक्टर, जड मालमोटार, जहाज व विमान यांस अधिक काळ लागेल. ‘सूर्य सर्व कांहीं करील’ असें म्हणणारा, आणि ‘तेलावांचून जगच चालणार नाहीं’ असें म्हणणारा, हे दोघेही हिशेब न करतां बोलतात.

तो हिशेब तुम्ही करावा, अशी आमची इच्छा आहे. सुटींत एक महिना घरीं व शेतावर लागलेलें पेट्रोल व डिझेल वहींत लिहून ठेवा. प्रत्येक नोंदीपुढें दोनच प्रश्न लिहा : हें काम विजेच्या मोटरीनें होईल काय ? आणि ऊन पडेपर्यंत तें थांबूं शकेल काय ? ती वही वडिलांस दाखवा. नवें इंजिन घ्यावयाचें कीं सौरपंपासाठीं अर्ज करावयाचा, हें ठरवितांना ती त्यांच्या उपयोगीं पडेल.