बायबल ओळख : मृत समुद्राकाठच्या गुंडाळ्या



"शेकडो वर्षे हाताने नकलताना तुमचे बायबल बदलले नसेल कशावरून?" असा प्रश्न आपल्या मुलांना कॉलेजात किंवा कामावर कधीतरी विचारला जातो. त्यावर रागावू नये. उत्तर ठाऊक असावे.

१९४७ च्या सुमारास मृत समुद्राजवळील कुमरान येथे बेदुईन मेंढपाळांना एका गुहेत मातीच्या रांजणांत कातड्याच्या गुंडाळ्या सापडल्या. १९५६ पर्यंत ११ गुहांतून सुमारे ९०० हस्तलिखिते मिळाली. बहुतेकांचे तुकडेच उरले होते, काही तर नखाएवढे. वाळवंटातील कोरड्या हवेमुळे ती टिकली. तेथील उत्खननाचे नेतृत्व डॉमिनिकन धर्मगुरू फादर रोलां द व्हो यांनी केले.

यशयाची एक गुंडाळी जवळजवळ पूर्ण आहे. तिची लांबी सुमारे ७.३ मीटर असून तिच्यात ६६ ही अध्याय आहेत. ती ख्रिस्तजन्माच्या शंभरएक वर्षे आधीची आहे. तोवर हाती असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा ती सुमारे हजार वर्षे जुनी! ताडून पाहिले तेव्हा मजकूर बहुतांशी जुळला. नाझरेथच्या सभास्थानात प्रभू येशूने यशयाचा ग्रंथ उघडला (लूक ४), तो अशाच गुंडाळीच्या रूपात.

फरक मुळीच नाहीत असे मात्र सांगू नये. शुद्धलेखनाचे फरक पुष्कळ आहेत. यिर्मयाच्या ग्रंथाची एक आखूड प्रतही तेथे मिळाली. यशया ५३:११ मध्ये, नंतरच्या हिब्रू प्रतींत नसलेला 'प्रकाश' हा शब्द आहे; जुन्या ग्रीक भाषांतरातही तो होताच. म्हणजे या तुकड्यांनी मूळ मजकुराच्या अधिक जवळ जाता येते. आपल्या कॅथॉलिक बायबलमधील तोबीत ग्रंथाचे अरामी व हिब्रू तुकडेही तेथे सापडले.

याच गुहांत कपाळावर व दंडावर बांधायच्या लहान पेट्यांतील चिठ्ठ्या मिळाल्या. त्यांपैकी काहींवर अनुवाद ६:४ मधील, देव एकच आहे, हे श्रद्धावचन आहे. हेच वचन आपल्या कोकणातील बेने इस्राएल लोकांनी जपले. परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले. ग्रंथ हाती नव्हते. पण शब्बाथ, सुंता आणि हे वचन त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोडले नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. मुळशीहून पुणे कॅम्पात गेलात तर १८६७ साली पूर्ण झालेले यहुदी बांधवांचे 'लाल देऊळ' जरूर पाहा.

तिकडे वचन कातड्यावर टिकले, इकडे ओठांवर. आपल्या घरी ते कशावर टिकणार?

या आठवड्यात घरी वाचा : यशया ५३ आणि अनुवाद ६:४-९.
चर्चा करा : बायबल बंद पडले, तर आपल्या मुलांना कोणती वचने तोंडपाठ म्हणता येतील?