स्क्रीनशॉट आला त्या रात्री

जून २०२३. कोल्हापुरात मोबाईलच्या आक्षेपार्ह स्टेटसवरून वातावरण तापलं होतं. ७ तारखेच्या बंदमध्ये दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. आमचं गाव तिथून तासाभरावर. नेट सुरू झालं त्या रात्री तरुण मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तसल्याच एका स्टेटसचा स्क्रीनशॉट पडला, चौकातल्या बेकरीवाल्या चाचांच्या मुलाचा म्हणून. मी ॲडमिन. डोकं फिरलं. आणखी तीन ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘आता गप्प बसायचं का?’

अर्ध्या तासात चौकात पोरं जमली. मागच्या घरातल्या काकूंनी बापलेकांना आत घेऊन कडी लावली, म्हणून ते वाचले. सकाळी गेलो तर शटर वाकलेलं, आणि चाचा उकिडवे बसून चुरा झालेल्या खारीतून बरणीच्या काचा वेचत होते. ‘पोरं अनवाणी येतात रे दुकानात,’ एवढंच बोलले. माझ्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचा केक त्यांनीच केला होता.

तपासात निघालं, स्टेटस त्या मुलाचं नव्हतंच. स्क्रीनशॉटवर दिसतं ते नाव, ज्याने काढला त्याने सेव्ह केलेलं असतं. कुठलाही नंबर कुणाच्याही नावाने सेव्ह करता येतो. एवढी साधी गोष्ट मला तेव्हा सुचली नाही. दगड मी उचलला नाही हे खरं, पण पोरांना चौकात आणलं माझ्या त्या एका ओळीने.

आमच्याकडे जीव गेला नाही. हडपसरला २ जून २०१४च्या रात्री गेला. फेसबुकवरच्या चित्रांवरून खवळलेल्या जमावाने नमाजहून परतणाऱ्या एका तरुण अभियंत्याला ठार मारलं. त्या चित्रांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

म्हणून ॲडमिन असलेल्या प्रत्येकाला सांगतो. असं काही आलं की आधी ‘फक्त ॲडमिन’ची सेटिंग लावा, मग ज्याचं नाव आहे त्याला फोन करा, जमलं तर घरी जा. मजकूर खरोखरच गलिच्छ असेल तर पोलीस ठाण्यात द्या. तेढ पसरवणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेत कलम १९६ आहे, त्यासाठी चौकात जमायची गरज नाही. आणि चूक कळली तर जिथे जिथे पाठवलं होतं तिथे तिथे, आपल्या नावानिशी, खुलासा टाका. मला ते करायला दोन दिवस लागले, त्याची लाज अजून वाटते.

खरं काम मात्र शांततेच्या दिवसांत करायचं असतं. १९८४च्या दंगलीत भिवंडी पेटली होती. १९८८ला पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांची साधी माणसं पोलिसांसोबत नेमाने बसू लागली. १९९२-९३ला मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. आम्हीही आता महिन्यातून एकदा बसतो, गटारापासून मिरवणुकीच्या रस्त्यापर्यंत सगळं बोलतो. ग्रुपचा दुसरा ॲडमिन चाचांचा मुलगा आहे.

त्याचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये त्या रात्रीही होता.