वारीला निघालेल्या माणसामागची माणसे

ज्येष्ठ महिना लागला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. ‘डॉक्टर, आई यंदा वारीला जायचं म्हणते. पाठवू का?’ विचारणारा मुलगा असतो, नाही तर सून. आई स्वतः क्वचितच विचारते, तिचे ठरलेले असते.

मॅरेथॉन शर्यत 42.195 किलोमीटरची. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. म्हणजे जवळजवळ सहा मॅरेथॉन, तेही अडीच-तीन आठवड्यांत, आणि चालणाऱ्यांत साठी ओलांडलेले कितीतरी. शेगावची श्री गजानन महाराजांची पालखी तर सुमारे महिनाभर चालून आपल्या सोलापुरात येते व मंगळवेढ्यामार्गे पंढरीला जाते. शर्यतीतला धावपटू वर्षभर सराव करतो. आमच्या पूर्व भागातली आजी मात्र वर्षभर मांडी घालून विड्या वळते आणि एके दिवशी एकदम वीस किलोमीटर चालते! म्हणून हा प्रश्न ज्येष्ठात नव्हे, अक्षय्य तृतीयेला विचारावा. सहा-सात आठवडे हाती मिळतात. रोज अर्ध्या तासापासून सुरुवात करून चालणे हळूहळू वाढवावे. सोबत घरातले कोणी चालले तर सराव टिकतो. चप्पल-बूट पायात रुळलेले असावेत. वारीसाठी नवी चप्पल आणून देणे हे प्रेम खरे, पण फोड येतात ते त्याच चपलेने.

माझ्याकडे येणाऱ्या एका यंत्रमाग कामगाराची पत्नी, वय बासष्ट, मधुमेह बारा वर्षांचा. तिला आम्ही पाठवले, पण तयारीने. सुनेने गोळ्यांच्या रोजच्या पुड्या करून त्यावर वार लिहिले. नवऱ्याने दिंडीतल्या तिच्या मैत्रिणीला दवाखान्यात आणले आणि साखर उतरल्याची लक्षणे माझ्याकडून तिला समजावून घेतली: घाम, हातापायांना कंप, धडधड, असंबद्ध बोलणे. वेळापूर सोडल्यावर एका सकाळी गोळी घेतली गेली, न्याहारी मात्र हुकली. मैत्रीण शेजारीच चालत होती. तिच्या लक्षात काय आले, तर शेजारचा अभंगाचा आवाज थांबला. वळून पाहिले तो ही घामाने निथळलेली. बसवून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा दिली, मग खायला घातले. बाई सावरल्या. दिंडीच्या ट्रकमध्ये बसून मुक्कामी गेल्या आणि तिथल्या आरोग्य पथकाने साखर तपासली.

इथे एक गोष्ट वैद्यकीय दृष्टीनेही मोलाची आहे. चालताना अभंग म्हणता येतो, म्हणजे श्वास पुरतो आहे, हृदयावर ताण फार नाही. नेहमी म्हणणारा माणूस गप्प झाला, धापा टाकू लागला किंवा छातीत दाटते म्हणाला, तर त्याला तिथेच बसवावे. छातीत दुखत असेल तर ‘गॅस असेल’ म्हणत वेळ घालवू नये, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अंग तापले आहे आणि माणूस बरळतो आहे, तर तो उष्माघात समजावा. सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि ताबडतोब रुग्णालय गाठावे. तापाच्या गोळीने तो उतरत नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी किंवा साखर, काहीही घालू नये.

श्रद्धेबद्दल मी वाद घालत नाही. थकलेले पाऊल ती उचलते, हे मी तीस वर्षे पाहतो आहे. औषधाने येत नाही असा धीर तिने येतो. पण ‘माउली सांभाळतील’ म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करणारेही मी पाहतो. त्यांना मी एवढेच म्हणतो, ती गोळी माउलींनीच पाठवली असे समजा. एकादशीच्या उपवासाचे आधी डॉक्टरांशी बोलावे. मधुमेहाच्या काही गोळ्या व इन्सुलिन उपाशीपोटी साखर धोकादायक उतरवतात, मात्रा बदलावी लागते. स्वतःच्या मनाने बंद करणेही तितकेच वाईट.

त्या बाई परतल्यावर नवरा चुरमुरे-बत्ताशांचा प्रसाद घेऊन आला. म्हणाला, ‘डॉक्टर, तुमचे आभार मागाहून. आधी त्या मैत्रिणीच्या घरी पातळ देऊन आलो. पांडुरंगानं तिला शेजारी चालवलं.’ त्याच्या हिशेबातला हा क्रम मला पूर्ण मान्य आहे.

वारकरी घरी परतला की पहिल्या रात्री त्याचे पाय कोमट पाण्याने धुऊन, बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करून, उजेडात तळवे पाहावेत. पाणी कोमट आहे का, ते घरच्याने आपल्या हाताने पाहावे. मधुमेह्याला चटका कळत नाही, तसा काटाही कळत नाही. फोड फोडू नये. जखम, सूज किंवा लाली दिसली तर दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात आणावे, रविवार असला तरी.