तुझी बदली झाली तर?

चि. सौ. मेघनास,


काल तुझ्या आईचा फोन आला. पाठपुस्तिकेच्या गटातले दोघे शिक्षक बाहेर पडले आणि तू साचा दुसऱ्यांदा बदललास म्हणे. खरं असेल तर मी रागावले आहे.

आधी वर्ड, मग स्लाइड्स, आता रंगीत चौकटींचं कुठलंसं अॅप. दिसतं सुरेख, मान्य. पण वाडीवरच्या एकशिक्षकी शाळेतल्या गुरुजींना एक ओळ दुरुस्त करायची झाली तर? तुला फोन. आणि तुझी बदली झाली तर? पहिल्या पानावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना छापून ‘बदला, वाटा’ म्हणायचं आणि हातात नुसती पीडीएफ ठेवायची, म्हणजे पंगतीला बसवून ताटावर झाकण ठेवणं झालं.

आमच्या विज्ञानाच्या स्वाध्यायांचं तुला ठाऊकच आहे. छापखान्याने ते पेजमेकरमध्ये, त्यांच्या फॉन्टात जुळवले. पुढे छापखाना बंद पडला. तुझ्या काकांनी सीडी उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नि कंसांचा खच. कन्व्हर्टरमधून काढलं तर ‘पर्णहरित’चं ‘पणर्हरित’. सगळं पुन्हा टंकायचं राहूनच गेलं, ती चुटपुट अजून आहे.

म्हणून सांगते, कंटाळवाणा पर्याय घे. सरळ युनिकोड मजकूर आणि मार्कडाउनच्या खुणा: शीर्षकाआधी हॅश, मुद्द्याआधी आडवी रेघ, बस्स. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये काढलेली ही पद्धत. फाइल साध्या मोबाइलवरही उघडते, आणि पॅनडॉक नावाचं सॉफ्टवेअर तिच्यातून वर्ड, वेबपान, पीडीएफ सगळं काढून देतं. तक्ते तिथे जिकिरीचे, ते कमीच ठेव. आकृत्यांच्या मूळ फाइली शेजारच्या फोल्डरात. धड्यांचा क्रम सगळीकडे एकच. एकदा ठरलं की दोन वर्षं हात लावायचा नाही. नाहीतर बदलीचा कागद आला की सगळं ठप्प.

जास्त बोलले का गं? तुझा मटकी रुजवण्याचा धडा मी शेजारच्या पोरांकडून करून घेतला. मोड दिसले तेव्हा नाचली ती! असे धडे बंद पडू नयेत, एवढंच माझं म्हणणं.

त्या दोघांना तूच आधी फोन कर, मानापमान बघू नकोस. सहावीचे धडे मला पाठव. दुपारी वेळच वेळ असतो, मी टंकून देईन. आणि रात्री अकरानंतर लॅपटॉप बंद. डोळ्यांचा नंबर वाढलाय तुझा, कळलंय मला.

तुझी,
मावशी