नागोयाला निघण्याआधी

पोरी, आयची-नागोयाच्या आशियाई स्पर्धा 19 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर 2026 अशा आहेत आणि कबड्डी संघाबरोबर ट्रेनर म्हणून जायची तुझी तयारी चालली आहे. टेपिंग, मसाज, बर्फ हे तुला येतंच. मला बोलायचंय ते त्या मोजक्या मिनिटांबद्दल, जेव्हा खेळाडू मॅटवर निपचित पडलेला असतो, डॉक्टर अजून पोचलेला नसतो आणि सगळे तुझ्या तोंडाकडे बघत असतात. तेव्हा काय करायचं याचा विचार तिथे उभं राहून करायला वेळ मिळत नाही. तो आदल्या दिवशीच झालेला हवा.

हॉलवर पोचलीस की बॅगा उघडण्याआधी एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, कुठे आहे ते बघ. ‘आहे’ एवढं ऐकून परत फिरू नकोस. स्वतः चालत जा, यंत्राचा दिवा हिरवा आहे का बघ, मग मॅटपासून तिथे पळत जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोज. पेटी उघडली की बऱ्याच ठिकाणी भोंगा वाजतो, म्हणून यजमानांना आधी सांग. वेळ जास्त लागत असेल तर सामन्यापुरतं यंत्र मॅटजवळ ठेवायची विनंती कर. ती विनंती करायला लाजू नकोस. जपानी माणसाला अशा तयारीचं वावडं नाही.

नाओकी मात्सुदा हे नाव लक्षात ठेव. 2002 चा फुटबॉल विश्वचषक खेळलेला जपानचा बचावपटू. 2 ऑगस्ट 2011 ला मात्सुमोतोमध्ये सरावाला धावताना तो कोसळला. त्या मैदानावर एईडी नव्हतं. दोन दिवसांनी तो गेला, वय 34. सामान्य माणसाला एईडी वापरायची मुभा तर जपानमध्ये जुलै 2004 पासूनच होती. कायदा होता, देशभर यंत्रं होती, पण त्या सकाळी त्या मैदानावर नव्हतं. माझा सगळा आग्रह त्यासाठीच आहे.

दुसरी गोष्ट त्याच वर्षीची, साईतामा शहरातली. सप्टेंबर 2011 मध्ये धावण्याच्या सरावानंतर शाळेतली एक मुलगी कोसळली. ती श्वास घेतेय असं मोठ्यांना वाटलं, म्हणून छातीही दाबली नाही आणि एईडीही लावलं नाही. पुढच्या वर्षी शहरानं शाळांसाठी मार्गदर्शिका काढली. तिचं सार असं: श्वास चालू आहे की नाही हे समजत नसेल, तर नाही असंच धरून चालायचं. हृदय थांबल्यावर माणूस पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा मधूनच तोंड उघडतो, आचके देतो. तो श्वास नव्हे. कधी झटके येतात आणि फिट आली असं वाटतं. हाक मारून उत्तर नाही, श्वास नेहमीसारखा नाही, एवढं दिसलं की हात छातीवर. मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच सेंटिमीटर खोल. घाम पुसून पॅड लाव. जर्सी कापायची कात्री कमरेलाच असू दे. खेळाडू मुलगी असेल तर सगळे कपडे उतरवायची गरज नसते. पॅड थेट त्वचेवर चिकटले की पुरे, वर टॉवेल टाक. या एका संकोचापायी मुलींना यंत्र लावायला उशीर होतो, ते तुझ्या हातून होऊ नये. यंत्र जपानीत बोलेल, बोलू दे. पॅडवर चित्रं असतात, आणि झटका द्यायचा की नाही हे यंत्रच ठरवतं.

जपानमध्ये रुग्णवाहिका यायला सरासरी दहा मिनिटं लागतात. झटक्याविना गेलेल्या दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. हिशेब तूच कर.

म्हणून कामं नावानिशी वाटून दे. ‘कुणीतरी फोन करा’ म्हटलं की कुणीच करत नाही. छाती तू दाबशील, यंत्र राखीव खेळाडूंपैकी अमुक आणेल, फोन दुभाषी करेल, रुग्णवाहिकेला दारापासून मॅनेजर आत आणेल. नंबर 119. 110 पोलिसांचा, त्यात घोळ नको. पलीकडून आधी विचारतात, आग की रुग्ण? उत्तर ‘क्यूक्यू देसु’. हे आणि हॉलचा जपानी पत्ता प्रत्येकाच्या ओळखपत्रामागे चिकटव.

कबड्डीत मला मानेची आणि डोक्याची धास्ती वाटते. साखळी पकडीत चढाईपटू डोक्यावर आदळतो आणि आपलीच पोरं प्रेमानं त्याला दंडाला धरून उभं करतात. ते निक्षून थांबव. डोकं दोन्ही हातांत स्थिर धर, बाकीचं नंतर. जपानी शाळांतल्या ज्युदोत 1983 नंतरच्या तीनेक दशकांत शंभराहून अधिक मुलं दगावली, बरीचशी डोक्याला मार बसून. डोक्याला लागलेला खेळाडू ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी त्या दिवशी खेळणार नाही, हे प्रशिक्षकाशी इथेच बोलून घे. तिथे गुण बरोबरीत असताना तो वाद घालता येत नाही.

सप्टेंबरात तिथे उकाडा असतो. उष्णता निर्देशांक 31 च्या वर गेला की व्यायाम थांबवावा, असं जपानची क्रीडा संघटना सांगते. सरावाचे हॉल थंड असतीलच असं नाही, आणि वजनात बसायला आपली मुलं पाणी तोडतात. जो बरळायला लागला, चिडचिडला, भलत्याच दिशेनं चालला, त्याला उष्माघात समज. गुदद्वारातलं तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर असेल तर रुग्णवाहिकेची वाट बघत बसू नकोस. ताडपत्रीत बर्फाचं पाणी करून त्यातच झोपव. आधी गार करायचं, मग हलवायचं. 39 च्या खाली आला की बाहेर काढ.

वादळ आणि भूकंप आपल्या अभ्यासक्रमात नसतात. नागोयाला ते धरावे लागतात. 26 सप्टेंबर 1959 च्या इसे उपसागराच्या वादळानं पाच हजारांहून अधिक माणसं नेली, त्यातली बहुतेक त्याच भागातली. तिथली बरीच जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. फोन एकदम किंचाळला तर तो भूकंपाचा इशारा. खेळाडूंना टांगलेले दिवे, स्कोअरबोर्ड, काचा यांपासून लांब घे, डोकी झाकायला सांग. किनाऱ्याजवळ असाल तर मोजदाद करत थांबू नका, उंचावर पळा. 2011 च्या त्सुनामीत कामाईशी शहरातल्या शाळकरी मुलांनी हेच केलं. थोरली मुलं धाकट्यांचा हात धरून चढण चढली आणि वाचली. त्यांच्या शाळांच्याच जागी पुढे मैदान उभं राहिलं आणि 2019 मध्ये तिथे रग्बी विश्वचषकाचा सामना झाला. तिथलाच दुसरा सामना मात्र वादळामुळे रद्द करावा लागला. ताटातूट झालीच तर कुठे भेटायचं ते आधी ठरवा, आणि आपत्तीत निरोप ठेवायचा 171 हा नंबर सगळ्यांना द्या.

किटकडेही बघ. सर्दीच्या काही गोळ्यांत असणारं स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणापलीकडे जपानमध्ये नेता येत नाही. कोडीनचंही बंधन आहे. महिन्याहून जास्त पुरेल इतकी डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधं न्यायला आधी परवानगी लागते. बॅगेतल्या एकूण एक औषधाची यादी घटकांसकट लिही आणि या आठवड्यातच संघाच्या डॉक्टरांकडे दे.